हिरवट

आर्मगार्डच्या अंगठ्यात कॉडचा काटा मोडला
सोमवारी, दुपारच्या पाळीत.
गुरुवारी ती माझ्यापुढे बसली, हात लोकरी मोज्यात.
मोजा काढला आणि म्हणाली,
"हे हिरवं का आहे?"

क्लाक्सविकच्या दवाखान्यात प्रयोगशाळा म्हणजे
फ्योर्डकडची एक खिडकी, एक सूक्ष्मदर्शक आणि मी.
तिचा थेंब काचेवर ओढला, रंगवला.
दिसल्या त्या. नेहमीपेक्षा कितीतरी जास्त,
केंद्रक मणी ओवल्यासारखं,
आणि पोटात कणांची रवाळ दाटी.

ही शिदोरी वाटेत मिळत नाही.
हाडाच्या पोकळीत, पेशी अजून पोर असतानाच
गाठोडी बांधून होतात.
मग जे आणलं तेच खर्चायचं,
आणि खर्चायला जेमतेम दिवसभर.

मी सांगत होतो, तिचा हात टेबलावर तसाच:
एक प्रथिन नुसतं लोह गोळा करून बसतं,
जंतूंनी उपाशी मरावं म्हणून.
दुसरं त्यांच्या भिंतीची वीण उसवतं,
ते अश्रूंतही असतं.
"मग रडून त्यात बोट बुडवू?"
काही तर इतकी चिमुकली,
पण जंतूच्या कातडीला भोक पाडतात
आणि तळ फुटलेल्या होडीसारखा तो भरत जातो.

आणि हिरवं?
तो एका विकराचा अंगचा रंग.
शरीरातलं मीठ घेऊन तो क्लोरीनचं पाणी करतो.
"फरशी धुतो तसलं?"
जवळजवळ तेच. पाळी संपल्यावर
आतड्यांवर, खवल्यांवर तू नळीने मारतेस ते.
ती अंगठ्याकडे बघत राहिली,
शेजारच्या पट्ट्यावर कुणी नवीन
कामाला लागलंय, अशी.

एक गोष्ट मी गाळली.
काही पेशी शेवटी स्वतःचं केंद्रकच फोडतात,
त्याचे धागे बाहेर फेकतात,
धाग्यांना तीच प्रथिनं चिकटलेली,
जंतू अडकतात, आसपासचं आपलं मांसही भाजतं,
आणि फेकणारी पेशी बहुतेकदा परत येत नाही.
खिडकीतून धक्क्यावरची जाळी दिसत होती.
तिच्या घरात हेग्नी गेल्यापासून
हा शब्द कुणी उच्चारत नाही.

पुढच्या बुधवारी ती दुकानात भेटली,
बटाटे निवडत होती, उजव्याच हाताने.
"गेलं," एवढंच म्हणाली.

काच मी धुतली नाही.
खणात आहे,
तारीख पेन्सिलने लिहिलेली.