अक्षराला अर्धा आणा

शिडीच्या चौथ्या पायरीवर उभी राहिले
की मेजर जनरल अँब्रोज वेदरेल माझ्या नजरेला नजर देतात.
म्हणजे त्यांचं नाव देतं. चेहरा कुणी कोरून घेतला नाही,
चेहऱ्याचे पैसे फार पडतात.

कुलाब्याच्या टोकाचं चर्च, मागे नौदलाची भिंत,
खारी हवा रंग खाऊन टाकते.
पंधरा-सोळा वर्षांनी अक्षरं पोपडे टाकू लागतात
आणि कमिटी मला बोलावते, या, काळं भरा.

संगमरवर बोटीने आला, इटलीचा.
अक्षरं मात्र इथली, स्वस्तातली,
माझगावच्या गुणाजी पाथरवटाची,
माझ्या खापरपणजोबांची.
त्याला इंग्रजी येत नव्हतं. मराठीही लिहिता येत नव्हतं.
कागदावरचं चित्र बघून उतरवत गेला:
ओ म्हणजे जात्याची पाळ, एस म्हणजे धामण,
ए म्हणजे तिकाटणं.
एन एकदा उलटा पडला त्याच्याकडून,
नेमका जनरलच्या पोटात.
कमिटी विचारते, सुधारता येईल?
मी म्हणते, दगडाला खोडरबर चालत नाही.

दर, अक्षराला अर्धा आणा.
आमच्या घरात हा हिशेब पाढ्यांसारखा चालत आलाय.
मेजर जनरल, बारा अक्षरं, सहा आणे.
लेफ्टनंट असतानाच गेला असता तर पाच.
त्याच्या प्रत्येक बढतीला
गुणाजीने मनातल्या मनात सलाम ठोकला असणार.

सतराव्या वर्षी पालवा बंदराला उतरला.
पाच महिने बोटीत ओकत आला असेल, ते लिहिलेलं नाही.
मुलतान, साडेतीन आणे. बुशायर, साडेतीन.
एकीकडे महिनोन् महिने वेढा,
दुसरीकडे चार दिवसांत किल्ला खाली;
छिन्नीला दोन्ही सारखेच.

छप्पन्न साल आहे. अठ्ठावन्न आहे.
सत्तावन नाही.
त्या साली साहेब इथेच होता, कोटात,
आणि मैदानात तोफा कुणासाठी ओढून आणल्या
ते गुणाजीच्या बापाने गर्दीत उभं राहून पाहिलं.
दोन दिवस जेवला नाही, एवढंच आमच्यापर्यंत आलं.
त्या जागी दगडावर द्राक्षाची वेल आहे.
वेलीचे पैसे वेगळे, ठोक.

हे वाचता येणारी घरात मी पहिली.
म्हणून सहाव्या ओळीवर दर खेपेला अडते:
त्याच्या हुकमाखाली पडले
सात साहेब, नावनिशीवार,
आणि शिपाई, दोनशे चौदा.
आकड्यात.
तीन खुणा. दीड आणा.
गुणाजीला तीही चित्रंच, बदक, काठी, उलटी खुर्ची.
त्याचा एक मामा पलटणीत गेलेला, देवरूखकडचा,
परत न आलेला.
तो या बदकाच्या पोटात आहे की नाही
यावर घरात अजून दोन मतं आहेत.

सगळ्यात खाली, बारीक:
तसेच लुसी, वय दोन.
ही ओळ कागदावर नव्हती.
मडम स्वतः आली होती म्हणे, टांग्यातून,
पाकिटाच्या पाठीवर लिहून घेऊन.
आत्या सांगायची, गुणाजीने हिचे पैसे घेतले नाहीत.
मला नाही पटत. साडेसहा आणे होत होते,
आणि घरात खाणारी तोंडं नऊ.

चारशे बारा अक्षरं. बारा रुपये चौदा आणे.
एका माणसाची पंचेचाळीस वर्षं,
आमचा दोन महिन्यांचा तांदूळ.

ब्रश बुडवते. दोन. एक. चार.
हा रंग लवकर सुकतो, मध्ये थांबता येत नाही.
खालून नुनीस ओरडतो,
बाई, आटपा, चारला लग्न आहे, फुलवाला आलाय.
आलेच, मी म्हणते,
उलटा एन तेवढा राहिलाय.