पिवळं लेबल

संध्याकाळी साडेसातला मी यंत्र कमरेला अडकवतो
आणि भाव पाडायला निघतो.
चौदा वर्षं झाली. त्याआधी बंदरावर लाकूड मोजायचो.
बॉस्टन म्हटलं की लोकांना अमेरिका आठवते.
हे ते नव्हे. हे लिंकनशरमधलं, सपाट,
जिथे कोबीपेक्षा उंच असा चर्चचा एक मनोरा, बस.

माझ्या मागून चार-पाच जण येतात, अंतर राखून,
जणू दही बघायला म्हणून सहज थांबलेले.
पॉकलिंग्टन म्हातारा पोर्क पायसाठी,
कॉलेजच्या दोन मुली, मिळेल त्यासाठी,
आणि दांगुओले, लिथुआनियाची,
जिला फक्त सेंद्रियचा शिक्का दिसतो.

नेहमीची गाजरं टोपलीत उघडीच पडलेली असतात,
कुणीही हाताळावं, परत टाकावं.
सेंद्रिय मात्र प्लास्टिकच्या सोवळ्यात,
विटाळ व्हायला नको म्हणून.
आणि भाव तर अशी खातात, विचारू नका.

दांगुओलेकडे शाळेची वही आहे, मुलाची, अर्धी उरलेली.
आठवड्याचे बावीस पौंड.
तांदूळ नेहमीचा. ओट्स नेहमीचे.
कांदा नेहमीचा, "सात सालींत असतो तो, त्याला काय होतंय."
दूध सेंद्रियच, पूर्ण भावाने,
ते तोमास पितो.
पालक, सफरचंद, गाजर: पिवळं लेबल लागलं तर.
नाही लागलं तर त्या रकान्यात एक आडवी रेघ.

एकदा विचारलं, एवढा हट्ट कशाला?
म्हणाली, "दोन्हीकडच्या पॅकहाऊसमध्ये काम केलंय मी.
दोन्हीकडचे हातमोजे संध्याकाळी काढलेत."
पुढे काही बोलली नाही.
मीही यंत्रातला कागद बदलायला लागलो.

मार्चमधल्या गुरुवारी लीकचा एक पुडा होता.
लीक म्हणजे कांद्याच्या पातीची थोराड चुलत बहीण.
दोन पौंड दहा. माझ्या पहिल्या लेबलानंतर एक सत्तावन्न.
तिने उचलला, उलटा केला, बारीक आकडे वाचले
आणि हसली. तिला हसताना मी पहिल्यांदा बघत होतो.
"लाइन चार. मंगळवार सकाळ. ही मी भरलीय."
मला खरं वाटेना.
तिने पानांची टोकं दाखवली प्लास्टिकमधून:
"बाकीच्या सरळ कापतात. मी तिरकं."
तासाला असे तीनशे पुडे तिच्या हातून जातात.
घरी एकही न्यायचा नाही, मोडका, वाकडासुद्धा.
दाराशी पिशव्या तपासतात.

मग वही काढली. उरले होते एक पौंड वीस.

नऊ वाजता दुसरं लेबल लागतं, पाऊण भाव उतरतो.
कर्टनची बस आठ दहाला.
मी यंत्राकडे बघितलं, वरच्या कॅमेऱ्याकडे बघितलं,
पॉकलिंग्टनने दह्यावरची तारीख दुसऱ्यांदा वाचली.
सदतीस पेन्स तर माझ्याच खिशात होते.
ते काढायला किती वेळ लागतो?
तेवढ्यात तिने पुडा ठेवला, नीट,
लेबल पुढे येईल असा, कामावर ठेवतात तसा,
आणि गेली.

नऊ वाजता कुणीच घेतला नव्हता. मी घेतला.
घरी बटाट्याबरोबर सूप केलं, मीठ जरा जास्त पडलं.
तिरकी टोकं तेवढी वेगळी काढली,
का ते माहीत नाही, सकाळी टाकून दिली.

पुढच्या गुरुवारी न राहवून सांगितलं,
तुझं लीक मी खाल्लं.
रागावेल असं वाटलं होतं.
"केवढ्याला?"
बावन्न पेन्सला.
तिने वही उघडली, मागचं पान काढलं
आणि त्या आडव्या रेघेशेजारी लिहिलं: ५२.
"माहीत असलेलं बरं," म्हणाली,
आणि पालकाकडे वळली.
पालकाला अजून लेबल लागायचं होतं.