हवा कथाईन येस

यादी विजेच्या बिलाच्या पाठीवर केली होती,
अकरा महिने खोडून खोडून.
प्रोसेसर सहा कोरचा. इथे खाडाखोड नाही.
रॅम सोळा, मग बत्तीस, मग पुन्हा सोळा.
ग्राफिक्स कार्डापुढे तीन नावं, तिन्हींवर काट,
सगळ्यात स्वस्त नावाभोवती नंतर गोल.
मॉनिटरपुढे नुसतं प्रश्नचिन्ह.

एवढ्यात कानातले झाले असते, मावशी म्हणाली.
झाले असते.

पाचकंदिलाजवळ भांड्यांच्या दुकानावरून जिना जातो,
वर इम्तियाज पिंजारी.
त्याचे आजोबा गाद्यांचा कापूस पिंजायचे,
तो म्हणतो, मीही तेच करतो, फक्त वायरी.
आप्पा सोबत होते, कारण येताना
मॉनिटर मांडीवर धरायला कोणीतरी हवं होतं.

इम्तियाजने आधी कॅबिनेट दाखवलं: पुढून अख्खी काच,
आत सात रंगांचे दिवे, वरातीच्या गाडीसारखे.
मला आवडलं. खोटं कशाला बोलू.
आप्पांनी चष्मा कपाळावर ढकलला,
काचेवर टिचकी मारली.
"हाई हवा कथाईन येस?"
खालून, काका. या फटीतून.
"आनि जास कथाईन?"
मागून. एक पंखा आहे ना.

आप्पा काही बोलले नाहीत.
बत्तीस उन्हाळे त्यांनी देवपुरात कूलर बांधलेत,
पत्रा कापून, वाळा ठासून, मोटारीला तेल देऊन.
खिडकी बंद ठेवून कूलर लावणाऱ्या गिऱ्हाइकाकडे
ते जसे बघतात
तसे त्या काचेकडे बघत राहिले.

मग कोपऱ्यातलं काळं, जाळीचं, बिनदिव्याचं खोकं
स्वतःच ओढलं. जाळीवर तळहात ठेवला.
"हाई ले."
अठराशे वाचले. ते कार्डात गेले.
मधल्या नावावरची काट मी तिथेच, उभ्या उभ्या,
रद्द केली.

राहिलं प्रश्नचिन्ह.
भिंतीवर दोन पडदे शेजारी शेजारी:
एक सत्तावीस इंची, देखणा, सेकंदाला साठ चित्रं,
दुसरा चोवीस इंची, एकशे चव्वेचाळीस.
किमतीत चारशेचा फरक.
दोन्हींत तोच बर्फाचा डोंगर, तोच पळणारा माणूस,
आणि बाहेर धुळे चव्वेचाळीस अंशावर.
मोठा घे, आई फोनवर म्हणाली, पिक्चर तरी दिसेल.

आप्पांनी माउस मागितला.
बाण भरभर गोल फिरवला, याच्यावर, मग त्याच्यावर.
"टूबना उजायामा पंखानं पातं
कधी कधी थांबेल दखास ना,
नि बोट घालनारा फसस?
मोठामा तसंच व्हई ऱ्हायनं. बानना मझार भोकं शेतस.
न्हानामा कमी."
इम्तियाजने माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे.
हेच समजायला मला चार महिने लागले होते.

कीबोर्डापुरते पैसे उरले नाहीत.
पतसंस्थेतला मोडीत निघालेला मॅनेजरनी देऊन टाकला.
त्याचं डब्ल्यू अडकतं,
म्हणजे पुढे जाण्याआधी माझा सैनिक
जरा विचार करतो.

पांझरेच्या पुलावर रिक्षा खड्ड्यात गेली,
तेव्हा आप्पांनी खोक्याला
दोन्ही हातांनी कवळा घातला.
मला पडू दिलं असतं बहुतेक.

आता रात्रीचा एक. दिवसभर मी परक्या नोटा मोजते,
या वेळेला मात्र मी बर्फात असते,
पोटावर, बंदुकीसकट.
पडद्याच्या कोपऱ्यात कार्डाचं तापमान: एकाहत्तर.
आप्पा गच्चीवरून पाणी प्यायला खाली आले.
खेळाकडे बघितलंच नाही.
कॅबिनेटच्या मागे गेले, वाकले,
तळहात धरला, ताप बघावा तसा,
पण कपाळापासून वीतभर लांब.
"चांगली निंघी ऱ्हायनी," म्हणाले,
आणि तांब्या घेऊन जिना चढले.

मी वळून त्यांच्याकडे बघत होते,
तेवढ्यात
कोणीतरी मला गोळी घातली.