रकाना नाही

एकोणऐंशी. एकाहत्तर. बासष्ट.
शाळेच्या जिममध्ये, बास्केटबॉलच्या रिंगखाली,
हातानं मोजल्या मी मतपत्रिका, दोनदा,
आणि रात्री पावणेबाराला फोनवर
ऑगस्टाला आकडे कळवले.
एकोणऐंशीवाला गव्हर्नर झाला.
आमच्या बेटावर तसंच सगळ्या मेन राज्यात:
शंभरातले सदतीस त्याचे.
दोघांचं भांडण, तिसऱ्याचा लाभ.

उरलेले एकशे तेहतीस काय म्हणाले
ते लिहायला
माझ्या वहीत रकाना नाही.
(बासष्टांत एक मत माझं होतं.
क्लार्कनं हे बोलायचं नसतं.)

मार्चमध्ये थर्लो बील आला,
अंगाला आमिषाच्या हेरिंगचा वास,
काखेत अर्जांची चळत.
अर्ध्याहून एक तरी जास्त हवं,
नाहीतर पहिल्या दोघांत पुन्हा मतदान.
"नेड्रा, सह्या तपासून दे."

तपासल्या.
क्लेटन ॲलीनं दोनदा केली होती, एक खोडली.
ऑरिन डायरनं पत्त्याच्या जागी
बोटीचं नाव लिहिलं होतं. बाद.
खरं तर तो राहतो तिथंच.

पण थर्लो, दुसरी फेरी म्हणजे डिसेंबर.
धक्क्यावर बर्फ,
बोटीच्या आठवड्यात दोनच खेपा,
त्याही वारा म्हणेल तेव्हा.
ज्यांचा माणूस पहिल्यातच घरी बसला
ते पुन्हा बूट चढवतील?
समज, वीसच आले, अकरा एका बाजूला.
त्यालाही बहुमतच म्हणायचं ना आपण?

येतील, थर्लो म्हणाला.
मग खिडकीबाहेर बघत:
येतील की.

मी स्वतः दुसरी पसंती आहे,
हे सगळ्या बेटाला ठाऊक आहे.
एव्हरेटनं आधी माझ्या बहिणीला विचारलं होतं.
ती पोर्टलंडला निघून गेली.
तो पुन्हा आमच्या दारात, टोपी हातात,
आणि या वेळी त्याला
माझ्याकडे नीट बघावं लागलं.
चांगलं दिसायचं नाही म्हणून नव्हे,
पण पहिल्यांदा त्यानं बघितलंच नव्हतं.
एकेचाळीस वर्षं झाली.
याला मी पुरावा म्हणत नाही.

पाच वाजता शिक्के मारून झाले:
एकशे अठरा वैध, सहा बाद.
दिवा मालवण्याआधी ऑरिनला फोन लावला.
म्हटलं, शुक्रवारी ये, पुन्हा सही कर,
आणि या खेपेला पत्ता
जमिनीवरचा दे.