ठिगळ

डेड्झाच्या डोंगरउतारावर पाच प्रार्थनागृहं
आणि सगळ्यांना मिळून पाळक मी एकटा.
सायकल चिनी, चौथ्या हाताची;
चेन माझ्या सकाळच्या प्रार्थनेसारखी,
कुरकुरत का होईना, फिरणारी.

त्या रविवारी कॅरियरला डबा बांधलेला,
डब्यात प्रभुभोजनाची भाकर,
खिशात सात पानांचं प्रवचन. विषय : क्षमा.
तंबाखूच्या वखारी मागे पडल्या
आणि मागच्या चाकाने सुस्कारा सोडला,
उपासनेत म्हातारी माणसं सोडतात तसा,
लांब, कुणाला कळू नये असा.

त्या वाटेवर पंक्चर काढणारा एकच.
निलगिरीखाली, बाउलेनी.
दुसरा कुणी असता तर बरं झालं असतं.

कुठे निघालात, त्याने विचारलं नाही.
सायकल उलटी केली,
चमच्याच्या दोन दांड्यांनी टायर उकललं.
टवके उडालेल्या हिरव्या परातीत कालचं गढूळ पाणी,
त्यात ट्यूब वीत वीत बुडवत गेला,
ओठ किंचित उघडे ठेवून, जणू चव घेत.
मग एके ठिकाणी बुडबुडे,
मोहरीएवढे, एकामागोमाग एक,
शाळेतून सुटलेल्या पोरांसारखे.

माझ्यातला पाळक लगेच जागा झाला.
(वाईट सवय. बायको म्हणते, तुम्हाला कांदा दिला
तरी आधी त्यातून शास्त्रवचन काढाल,
पाणी डोळ्यांतून मग.)
म्हटलं, बघ बाउलेनी, पाप असंच असतं.
वरून दिसत नाही. पाण्यात घातलं की कळतं.

त्याने भोकावर बोट ठेवलं,
कानामागची पेन्सिल काढून खूण केली.
"आबुसा," म्हणाला. मेंढपाळ.
तोंड वाकडं न करता म्हणाला.
"तुम्ही बुडबुडे बघितलेत
आणि ट्यूब बाजूला काढून ठेवलीत.
मीही बुडबुडेच बघतो.
पण मग कात्री घेतो."

दोन वर्षांपूर्वी त्याचा धाकटा भाऊ गेला.
चौथ्या रात्री मुखवटेवाले आले, ढोल वाजले,
आणि बाउलेनी त्यांच्यात नाचला.
मंडळीच्या वहीत डन्स्टन वडिलांनी नाव दाखवलं,
रेघ मी ओढली.
पट्टीने. सरळ यावी म्हणून.

जुन्या ट्यूबचा तुकडा त्याने गोल कापला,
भोकाभोवतीचं रबर कानशीने घासलं.
"गुळगुळीत असलं की काही चिकटत नाही,"
एवढंच बोलला,
आणि ते रबराला होतं की मला, अजून ठरत नाही.

हवा भरण्याआधी म्हणाला,
टायरच्या आतून हात फिरवा.
ज्याचं चाक त्याने फिरवावा.
काटा राहिला तर ठिगळ फुकट.
फिरवला. अर्ध्या फेऱ्यात बोटाला लागला,
बाभळीचा, तांदळाएवढा.
बाहेरून कितीदा पुसलं होतं मी ते टायर.

पैसे काढले तर म्हणाला, परतताना द्या.
हवा राहिली तर.

वर पोहोचलो तेव्हा चौथं गीत चालू होतं.
सात पानं खिशातच राहिली.
काय बोललो आठवत नाही;
लोक म्हणतात, थोडकं होतं, बरं होतं.
भाकर मोडताना एक तुकडा जरा मोठा निघाला,
तो मी रुमालात ठेवला.
डन्स्टन वडिलांनी बघितलं. मी त्यांना बघू दिलं.

उताराला ब्रेक दाबत
निलगिरीपर्यंत आलो.
परात उपडी. माणूस नाही.
चाक मात्र घट्ट.

सावली सरकली तसा मीही सरकत बसलो.
रुमालावर मुंग्या आल्या, त्या झटकल्या.
उन्हं कलताना एक पोरगी आली,
पाठीवर तान्हा भाऊ, हातात ढकलत आणलेली सायकल.
"मामा, पंक्चर काढता ना?"

मी परात सुलटी केली
आणि पाणी शोधायला उठलो.