काय वाचू?

"काय वाचू?" असं कुणी विचारलं
की मी आधी त्याच्या चपला बघते.
धूळ असेल तर गडी स्टँडवरून थेट आलाय,
गाडी सुटायला अर्धा तास आहे,
त्याला कथासंग्रह, तोही बारीक.

विट्याच्या आमच्या वाचनालयात
साडेअकरा हजार पुस्तकं आहेत, असं रजिस्टर म्हणतं.
कपाटं म्हणतात, साडेनऊ.
उरलेली गावात कुठंतरी उशांखाली आहेत,
मला त्यांची फारशी काळजी नाही.

मालन यंत्रमागावरची रात्रपाळी करून येते.
"डोळा लागत नाही, काहीतरी द्या."
बर्फातल्या प्रवासाचं दिलं.
चार दिवसांनी म्हणाली, कानातली खटखट थांबली,
पण थंडी वाजली हो बाई, वैशाखात.

टेबलाला दोरीनं बांधलेली एक वही आहे.
वाचून झालं की एक ओळ लिहायची, एवढाच नियम.
"शेवटची चार पानं फाटलीत, तरी शेवट कळतो."
"नायिका खुळी आहे. वाचा."
"हे पुस्तक माझ्या बायकोला देऊ नये." खाली सही, तारखेसकट.

मे महिन्यात गलाईवाल्यांची पोरं येतात,
सेलमहून, त्रिचूरहून, कटकहून.
मराठी त्यांच्या तोंडात असते, डोळ्यांत नसते.
बोलतात धबाधबा,
पान समोर आलं की गप्प.
त्यांच्या उंचीचं खालचं कपाट मी कॉमिक्सचं केलं.
फुग्यात चारच शब्द. चार शब्दांना कोण भितंय?

कमिटीतले शिवलिंगअप्पा म्हणाले,
"चित्रं बघणं म्हंजे वाचन न्हवं."
मी म्हटलं, अप्पा, पेपर उघडून तुम्ही आधी
श्रद्धांजलीचे फोटो बघता.
त्यात काय काय वाचता, सांगू का?
ते हसले नाहीत.
ठराव झाला: चित्रांच्या पुस्तकाला दोनशे रुपयांपर्यंत.
ती चित्रकादंबरी साडेचारशेची होती.
वरचे अडीचशे कुठून आले, ते रजिस्टरला माहीत नाही.

तातोबा ती घेऊन गेले.
चाळीस वर्षं सोनं आटवलं त्यांनी परमुलखात,
बोटांवरच्या रेषा तेजाबानं खाल्ल्या.
रेशनच्या मशीनला अंगठा उमटत नाही,
पान बोटाला लागत नाही,
म्हणून फुंकर मारून उलटतात,
मुशीतल्या निखाऱ्यावर मारावी तशी.

"ह्यात अक्षरच न्हाई की."
नाही, तात्या.
"मग लिवणाऱ्यानं केलं काय?"
जागा सोडली.

सत्तावन्नाव्या पानावर
पहिल्या चौकटीत एक बाई विहिरीच्या काठावर.
दुसऱ्या चौकटीत विहीर.
मधे पांढरी फट, बोटभर.

पुस्तक हातात देताना मला आठवायला हवं होतं
की तात्यांच्या मळ्यातली विहीर बुजवलेली आहे
आणि का, ते गावात कुणी विचारत नाही.
रात्री भाकरी थापताना आठवलं.
मग तीन आठवडे
जिन्यावर पाय वाजला की मी मान खाली घालायचे.

पुस्तक नातवानं आणून दिलं, सेलमच्या इलंगोनं.
आई तिकडची, नाव तिकडचं, नाक तात्यांचं.
मी उभ्या उभ्या सत्तावन्न काढलं.
त्या पांढऱ्या फटीत, शिसपेन्सिलीनं,
प्रत्येक अक्षराला वेगळी शिरोरेघ:
"दोर आनायला घरी गेली."

पुस्तकावर लिहिल्यास दंड दहा रुपये.
मी घेतले. पावती फाडली.
खोडरबर ड्रॉवरमध्येच होतं,
ड्रॉवर मी उघडला नाही.

इलंगो वहीवर वाकला, जीभ बाहेर काढून,
बराच वेळ.
"चांगला पुस्तक हाय. आज्जा मला वाचून दाकवला."

मग त्यानं माझ्या चपलांकडे बघितलं,
शपथेवर सांगते,
आणि खालच्या कपाटातून
एक माझ्यासाठी काढून दिलं.