बेडकी

डबा बांधून पोहायला शिकलो आठवीत,
राजाराम बंधाऱ्यावर, थोरल्यानं ढकलल्यावर.
“ते पोहणं न्हवं मामा,” शिकलगारांची अर्शिया म्हणते,
“ते नुसतं न बुडणं.”

टाचा ढुंगणाकडं. पावलं फाकवा बदकागत.
हात छातीपुढंच मिटा,
मागं कुणाला बोलावताय एवढं?

एकतीस वर्षं शिरोलीच्या फौंड्रीत
हात थांबला की मुकादम ओरडायचा.
आता लाथ मारून झाली की
ही पोरगी काठावरनं ओरडते:
थांबा! काय करू नका!

मी थांबत नाही. नाकात पाणी.
पुन्हा.

आज एकदा,
हात पुढं, मान खाली,
मनात एक-दोन म्हणेपर्यंत
पाण्यानंच नेलं.

डोकं वर काढलं,
तर ती दुसऱ्याच कुणावर तरी
डाफरत होती.